रजा मंजूर, परतीचे काय?

आजारी माणसाला बघायला जाण्यात मराठी माणूस कधी कमी पडत नाही. दवाखान्यात भेटीच्या वेळेला खाटेभोवती गर्दी होते, शहाळी आणि मोसंबी ठेवायला जागा पुरत नाही, कार्यालयातले सहकारी तर पाळ्या लावून येतात. साहेबही एकदा डोकावून "ऑफिसची काळजी करू नका, आधी बरे व्हा" असे सांगून जातात. हे सगळे मनापासून असते, त्यात खोट काढायचे कारण नाही. पण हाच माणूस काही महिन्यांनी तंदुरुस्तीचा दाखला घेऊन रुजू होतो, तेव्हा त्याच्यासाठी आपल्याकडे कोणतीच रीत नाही. बदलीला निरोप समारंभ असतो, निवृत्तीला शाल-श्रीफळ, बढतीला पेढे. आजारपणाच्या रजेवरून परतणाऱ्याच्या वाट्याला मस्टरवरची सही आणि "काय, आता बरे ना?" एवढेच येते. पहिले दोन दिवस सगळे हसून बोलतात. पंधरा दिवसांनी त्याच्या लक्षात येते की आपण कार्यालयात आहोत, पण कार्यालयाच्या कामात कुठेच नाही.

ही तक्रार मी शिक्षकांकडून ऐकली आहे, तहसील कचेरीतल्या लिपिकांकडून ऐकली आहे, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या तरुणांकडूनही ऐकली आहे. बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो: माणसे बदलली. मला तो पटत नाही. माणसे बहुधा होती तशीच असतात. मधल्या काळात कामाची वाटणी बदललेली असते. ती कोणी अधिकृतपणे केलेली नसते, म्हणून ती पूर्ववत करणे हेही कोणाचे काम ठरत नाही. रजा एकाला मिळते, तिचा भार तिघे-चौघे उचलतात, आणि कार्यालय मात्र काही घडलेच नाही असे समजून चालते. परतलेल्याला जो गारठा जाणवतो, त्याचा उगम मला इथे दिसतो.

माझ्या परिचयातल्या एक बाई एका बँकेच्या निमशहरी शाखेत हेड कॅशिअर होत्या. स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन असे सगळे आटोपून त्या बऱ्याच महिन्यांनी कामावर आल्या. बँकेत हेड कॅशिअरकडे तिजोरीच्या चाव्यांचा एक संच असतो, दुसरा अधिकाऱ्याकडे. दोघे असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. सकाळी रोकड बाहेर काढायला आणि संध्याकाळी हिशेब जुळवून आत ठेवायला त्या दोघांना बरोबर जावे लागते. चाव्या एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या की रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या पडतात. बाई रजेवर गेल्या त्या दिवशीही तशी नोंद झाली आणि चाव्या एका तरुण सहकाऱ्याकडे गेल्या.

त्या परतल्या तेव्हा चाव्या त्याच्याकडेच राहिल्या. कोणी नाही म्हटले नाही. शाखाधिकारी म्हणाले, "मॅडम, नोटांची बंडलं उचलायची, उशिरापर्यंत थांबायचं, कशाला त्रास? सध्या पासबुकं आणि हयातीचे दाखले बघा." हेतू चांगलाच होता. पण हेड कॅशिअरच्या कामाला वेगळा भत्ता असतो. तो आता त्या तरुणाला मिळत होता, आणि त्या पैशांच्या भरवशावर त्याने गाडीचा हप्ता सुरू केला होता. बाईंनी चाव्या मागितल्या तर त्याच्या खिशाला कात्री लागणार, नाही मागितल्या तर त्यांच्या हुद्द्याला. म्हणून दोघेही गप्प राहिले. पूर्वी दोघे एकत्र डबा खायचे. आता तो आत जेवायला बसला की या काउंटरवर काहीतरी काम काढायच्या. त्यांचा यूजर आयडी रजेच्या काळात बंद केलेला होता, तो पुन्हा सुरू व्हायलाही दिवस गेले, आणि तोवर "जरा तुझ्या लॉगिनमधून हे बघून देतोस का?" असे प्रत्येकाला विचारत फिरावे लागले. वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला उमेदवारासारखे वाटायला एवढे पुरते.

या गोष्टीत खलनायक कोण? मला तरी सापडत नाही. शाखाधिकाऱ्याने काळजी घेतली. तरुणाने त्याला सांगितलेले काम केले. बाईंनी कोणाशी वाद घातला नाही. चाव्यांच्या हस्तांतराला रजिस्टर होते, बाईंच्या परतण्याला नव्हते. एवढ्या चांगल्या वागणुकीतूनही एक माणूस बाहेर पडला.

रजेच्या नियमांकडे बघितले तर हाच कल दिसतो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ चे आहेत. त्यांत वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा आहे, वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण वेतनावर घेण्याची सोय आहे. कारखान्यांतल्या कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने आलेली राज्य विमा योजना आहे. तीत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के मिळतात, क्षय, कर्करोग, मनोविकार अशा दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येणार नाही, हेही त्या मूळ कायद्यात लिहिले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर सरकारी आस्थापनांना बजावले आहे की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाला काढता येणार नाही, त्याचा दर्जा उतरवता येणार नाही; जमेल असे पद नसेल तर त्याच्यासाठी अधिसंख्य पद निर्माण करा. या तरतुदी लढून मिळवलेल्या आहेत आणि त्यांची किंमत मला कमी करायची नाही. पण प्रत्येक नियम माणूस आणि मालक या दोघांपुरताच बोलतो. शेजारच्या टेबलावरचा तिसरा माणूस या कागदांत कुठेच नाही. अधिसंख्य पदावर पगार शाबूत राहतो. टेबलावर फाइल येईल की नाही, याची हमी कोण देणार?

तो तिसरा माणूस काय भोगतो तेही पाहिले पाहिजे. राज्य शासनातली रिक्त पदे लाखांच्या घरात आहेत. चौघांचे काम दोघे करतात अशा विभागात एक जण चार महिने रजेवर गेला की त्याचे टेबल उरलेल्यांत वाटले जाते, आणि ते बहुतेक वेळा तोंडी. "जाधव, पवारांचं टेबल तुम्ही बघा, तेवढे ते येईपर्यंत." अधिकाऱ्याला अतिरिक्त कार्यभार मिळतो तेव्हा आदेश निघतो, लिपिकाला मिळतो तेव्हा साहेबांचा हात खांद्यावर पडतो. मार्चअखेर असली तर जाधव रात्री आठपर्यंत बसतात, घरी बोलणी खातात, पवारांनी अर्धवट सोडलेल्या प्रकरणावरचे ताशेरे स्वतःच्या नावावर घेतात. त्यांना ना पैसा मिळतो, ना शाबासकी. साहेबांवर राग काढता येत नाही, रिक्त पदांवर तर मुळीच नाही. मग एके दिवशी पवार परततात, चेहऱ्यावर थोडी तकाकी आलेली. जाधवांच्या तोंडून निघते, "आराम झाला वाटतं!" पवारांना ते वाक्य वर्षभर आठवते. जाधवांना आपण ते बोललो हेही आठवत नाही.

या नाराजीला आपल्याकडे आणखी एक खतपाणी आहे, आणि ते आपणच घातले आहे. "मेडिकल टाकणे" हा प्रकार आपल्या कार्यालयांत सर्रास चालतो. निवडणुकीचे काम लागले, टाक मेडिकल. बदलीच्या जागी रुजू व्हायचे नाही, टाक मेडिकल. घराचे बांधकाम, मुलीचे लग्न, पेरणी, सगळ्यांवर ओळखीच्या डॉक्टरचा दाखला चालतो, आणि दाखल्यावरचा आजार कोणी गंभीरपणे वाचत नाही. असा दाखला कधी ना कधी जोडलेली माणसेच खऱ्या रुग्णाकडे संशयाने बघतात, कारण दाखला कसा मिळतो हे त्यांना पक्के ठाऊक असते. हात प्लास्टरमध्ये असेल, डोक्यावरचे केस गेले असतील तर निभावते. पण मणक्याचे दुखणे, नैराश्य, थायरॉइड, केमोनंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारा थकवा यांतले काहीच अंगावर दिसत नाही. "दिसते तर चांगली!" या वाक्यात कौतुक किती आणि आरोप किती, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळते. आपल्या खोट्या रजांची भरपाई खरे आजारी करत असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

टॅल्कॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये रुग्णपणाकडे एक सामाजिक भूमिका म्हणून पाहिले. आजाऱ्याला नेहमीच्या कर्तव्यांतून सूट मिळते, आजाराबद्दल त्याला दोष दिला जात नाही. बदल्यात त्याने बरे होण्याची इच्छा धरायची आणि योग्य उपचार घ्यायचे. या मांडणीवर पुढे टीका खूप झाली, पण कार्यालयातला आपला व्यवहार अजून बराचसा या करारावरच चालतो. करार आजाऱ्याशी असतो. फिटनेसचा दाखला टेबलावर पडला की सूट संपली, असे सहकारी धरून चालतात. शरीर मात्र दाखल्याच्या तारखेला बरे होत नाही. अर्धा बरा, अर्धा आजारी असा जो लांबलचक काळ असतो, त्याला या करारात कलमच नाही. त्या काळात माणूस दुपारी तीनला गळून जातो, आणि तीनला गळणाऱ्याची नोंद करायला मस्टरवर रकाना नसतो.

संसर्गाच्या आजारांत याला भीतीची जोड मिळते. क्षयरोगावर योग्य औषध सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासून लागण होण्याचा धोका जवळपास संपतो, मात्र गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात. या दोन मुदतींमधल्या फरकात माणसे अडकतात. गोळ्या चालू आहेत म्हणजे लागण चालू आहे, असे सहकाऱ्यांना वाटते. मग डब्यातली भाजी सगळ्यांची फिरते, त्याची फिरत नाही. पाण्याचा ग्लास वेगळा निघतो. मार्च २०२० मध्ये गृहविलगीकरणातल्या लोकांच्या हातावर शिक्के मारले जात होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे; आणि शिक्का पुसला गेल्यावरही जिन्यात शेजारी भिंतीला चिकटून उभे राहायचे, हेही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच निकाल दिला होता की माणूस काम करण्यास सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्हीबाधित आहे म्हणून त्याला काम नाकारता येणार नाही. पुढे २०१७ मध्ये तसा कायदाही झाला. न्यायालयाने त्या माणसाचे काम वाचवले. दुपारी दीड वाजता चटईवर त्याच्यासाठी कोणी सरकून जागा करेल, हे न्यायालयाच्या हातात नव्हते.

तरीही या सगळ्याला वाळीत टाकणे म्हणायला मी तयार नाही. त्या प्रथेने महाराष्ट्रात किती घरे उद्ध्वस्त केली हे आपल्याला माहीत आहे, आणि तिच्याविरुद्ध २०१६ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. तिथे पंच बसतात, ठराव होतो, दंड ठरतो. कोणावर गुन्हा नोंदवायचा ते कळते. कार्यालयात ठराव होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एक नवा गट निघतो, कारण जुन्या गटात रजेवरच्या माणसाला उगाच कामाचे संदेश जायला नकोत. तो परतल्यावर नव्या गटात त्याला घ्यायचे राहून जाते. चहाची वर्गणी मधल्या काळात त्याच्याकडून घेतलेली नसते, म्हणून चहा सांगताना एक कप कमी सांगायची सवय झालेली असते. यातले एकही कृत्य गुन्हा नाही, आगाऊपणासुद्धा नाही. म्हणून तर तक्रार करायला जीभ रेटत नाही. "मला चहा विचारत नाहीत" असे साहेबांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ च्या सुमारास कामाच्या ठिकाणचा छळ आणि दुर्लक्ष यांची तुलना केली होती. लोकांना छळ अधिक वाईट वाटतो, दुर्लक्ष चालवून घेण्याजोगे वाटते. प्रत्यक्षात दुर्लक्षित माणसांची आपलेपणाची भावना आणि तब्येत जास्त ढासळलेली आढळली, आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त दिसले. भांडणारा निदान तुम्हाला मोजतो तरी. आपल्याकडच्या जुन्या कारकुनांना हे संशोधनाशिवाय माहीत होते. नकोशा माणसाला शिक्षा द्यायची तर त्याला काम न देणे हा सरकारी खात्यातला सर्वांत मुरलेला उपाय आहे. दुःख एवढेच की शिक्षेसाठी जे करायचे तेच आपण प्रेमाने आजारी माणसाला करतो. "राहू द्या, आम्ही करतो" हे वाक्य पहिल्या आठवड्यात औषध असते. तिसऱ्या महिन्यात ते कानी पडले की माणसाने समजावे, आपले टेबल गेले.

परतणाऱ्यांची बाजू घेताना एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. सगळेच परतणारे साधे नसतात. काही जण आजार संपल्यावरही आजाराचे मानकरी म्हणून वावरतात. दोन वर्षांपूर्वीच्या बायपासवर आजही पाचच्या आधी घरी निघतात. सहकाऱ्यांच्या सहनशक्तीलाही सीमा आहे. शिवाय मोठ्या आजारातून उठलेल्याचे मन हळवे झालेले असते. शेजारचा फोनवर हळू बोलला तरी आपल्याविषयीच बोलत असेल असे त्याला वाटते, आणि कोणाला काय बोलावे ते सुचत नाही म्हणून पडलेली शांतता तो तिरस्कार म्हणून वाचतो. कर्करोगाचे नाव काढावे की काढू नये, केसांविषयी बोलावे की गप्प बसावे, या विचारात चांगली माणसे बोलणेच टाळतात. अशा वेळी परतणाऱ्याने पहिले वाक्य बोलून टाकले तर अर्धा ताण उतरतो. पण त्या वाक्याचा सगळा भार त्याच्यावरच टाकणे मला अन्यायाचे वाटते. नुकताच मरणाच्या दारातून आलेला माणूस आणि पंचवीस जणांचे कार्यालय, यांत पुढाकार कोणी घ्यायचा?

काही देशांनी हा पुढाकार मालकाकडे दिला आहे. जर्मनीत २००४ पासून, वर्षात सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याशी पुन्हा कामावर येण्याविषयी बोलणी करण्याचा प्रस्ताव मालकाने ठेवलाच पाहिजे, असा नियम आहे. आधी दोन तास, मग चार तास अशी चढत्या क्रमाने परतण्याची पद्धतही तिथे रूढ आहे. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये डॉक्टरी दाखल्याचा नमुनाच बदलला. पूर्वी त्यावर कामास अयोग्य एवढेच सांगायची सोय होती. आता अमुक सवलती दिल्या तर कामास योग्य, असेही डॉक्टर लिहू शकतो. नेदरलँड्समध्ये आजारी कर्मचाऱ्याला दोन वर्षे किमान ७० टक्के वेतन मालकानेच द्यायचे असते, त्यामुळे त्याला पुन्हा नीट कामाला लावण्यात मालकाचाच फायदा असतो. आपला फिटनेसचा दाखला मात्र अजून हो किंवा नाही एवढ्याच दोन भाषा जाणतो.

यावर उत्तर ठरलेले असते: ते श्रीमंत देश, आपल्याकडे रजाच धड नाहीत. ते खरेच आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात किरकोळ रजेचे ८ दिवस आहेत, कामाच्या दिवसांवर मिळणारी भरपगारी रजा आहे. आजारपणाची म्हणून वेगळी रजा नाही. घरकाम करणाऱ्या बाईला तर तेवढेही नाही. ती टायफॉइडने महिनाभर पडली तर "बदलीची बाई" येते आणि तीच कायम होते. तिला सहकाऱ्यांच्या अबोल्याचे दुःख करायची चैनही परवडत नाही. तरी दोन्हीकडे घडते ते एकच. गैरहजेरीत जागा भरली जाते, आणि भरलेली जागा रिकामी करायला कोणी सांगत नाही. फरक पगाराचा आहे, म्हणून तर ज्या कार्यालयांत पगार सुरक्षित आहे त्यांना सबब उरत नाही. त्यांना कायदा बदलण्याची वाट बघायची गरज नाही, पैसाही लागत नाही. एक कागद लागतो.

तो कागद रजा मंजूर होतानाच निघावा. कोणते टेबल कोणाकडे, किती दिवसांसाठी आणि त्या बदल्यात त्याचे कोणते काम थांबेल, हे त्यावर असावे. तसे झाले की जाधवांना कळते की पवारांचे काम आपल्या बोकांडी कायमचे बसलेले नाही, आणि आपण ते केले याची नोंद कुठेतरी आहे. परतण्याच्या वेळी दुसरा कागद: कोणते काम आज परत, कोणते महिन्याने, कोणते नाही आणि का नाही. हे ठरवताना परतणाऱ्याला विचारायचे. बँकेतल्या त्या बाईंना कोणी विचारले असते, तर त्यांनी कदाचित स्वतःच सांगितले असते की सहा महिने चाव्या त्याच्याकडेच राहू द्या. न विचारता काढून घेतल्या, तिथे सगळे बिनसले. आणि दोघांपैकी कोणाचा भत्ता जाणार असेल तर ते त्यांना समोर बसवून सांगण्याचे काम शाखाधिकाऱ्याचे आहे. ते त्या दोघांच्या डब्यावर ढकलणे हा मला सरळ पळपुटेपणा वाटतो.

कार्यालयप्रमुखांना म्हणून एक विनंती. तुमच्याकडे पुढच्या आठवड्यात कोणी आजारपणाच्या रजेवरून रुजू होणार असेल, तर आजच त्याला फोन करा, काय झेपेल ते विचारा, आणि त्याच्या टेबलाचा आदेश तो येण्याच्या आदल्या दिवशी काढा. त्यात ज्यांनी इतके दिवस ते टेबल ओढले त्यांची नावे लिहायला विसरू नका. यूजर आयडी त्याच दिवशी सकाळी सुरू करून ठेवा.